टार्गेटसाठी रायफल स्कोप: स्वस्त कुठे चालतो, महाग कुठे लागतो

स्कोप घेताना सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची: झिरो करून झाल्यावर, म्हणजे नेम आणि गोळीची जागा एकदा जुळवल्यावर, टरेट (नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणारी स्कोपवरची बटणं) पुन्हा फिरवणार आहात का? एका ठरलेल्या अंतरावर, कागदी टार्गेटवर, दिवसाच्या उजेडात नेम धरणाऱ्याचे टरेट क्वचितच हलतात. त्याला साधा, कमी किमतीचा स्कोप पुरतो. वाचलेले पैसे गोळ्यांवर खर्च झाले तर ग्रुप (कागदावरचा भोकांचा पुंजका) उलट लवकर आवळत जातो. पण २५, ५० आणि १०० मीटर अशी अंतरं बदलत दर वेळी टरेटच्या क्लिक (फिरवण्याचे टप्पे) मोजून नेम लावायचा असेल, तर स्वस्त स्कोपने डोकेदुखीच होते. महाग स्कोपचे सगळे पैसे काचेत जातात असं बऱ्याच जणांना वाटतं. टार्गेटच्या कामात मोठा फरक पडतो तो टरेटच्या आतल्या यंत्रणेमुळे.

"रायफलीइतकीच किंमत स्कोपला मोजावी" हा सल्लाही सर्रास दिला जातो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत त्यात तथ्य आहे, ५० मीटरवरच्या कागदासाठी मात्र तो लागू नाही.

आधी रायफल बघा

पॉइंट २२ रिमफायर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाची रायफल) आणि हवेच्या टाकीवर चालणारी पीसीपी रायफल यांचा धक्का नगण्य असतो. यांच्यावर कमी किमतीचा स्कोपही वर्षानुवर्षं टिकतो. स्प्रिंगच्या एअर रायफलचं मात्र वेगळं आहे. तिची ताकद कमी म्हणून कुठलाही स्कोप चालेल असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे ढकलली जाते आणि पिस्टन टोकाला थांबताच ती झटक्यात पुढे येते. साध्या स्कोपमधली भिंगं आणि रेटिकल (नेम धरायच्या रेघा) एकाच दिशेचा, मागे येणारा धक्का सोसण्यासाठी बसवलेली असतात. उलट्या दिशेचा झटका बसत राहिला की रेटिकल सैल होतं, तिरकं होतं किंवा तुटतं. म्हणून स्प्रिंगच्या रायफलीसाठी 'स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य' असं उत्पादकाने स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्या, आणि वॉरंटीत अशी रायफल वगळलेली नाही ना ते वाचा. इथे थोडे जास्त पैसे टाकणं रास्त आहे.

पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर आणखी एक: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या प्रकारांत स्कोप चालत नाही, तिथे पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची साइट) लागते. त्या वाटेने जायचं असेल तर सराव पीप साइटवरच सुरू करा.

३-९×४० म्हणजे काय, आणि किती झूम लागतो

पहिले दोन आकडे झूमचे, शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला झूमने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी. भर दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमीच उघडी असते, म्हणजे ४० मिमीचं भिंग पुरेसं होऊन उरतं. ५० मिमीच्या भिंगाने दिवसा चित्र उजळ होत नाही. उलट उंच रिंगा (स्कोप रायफलीवर धरून ठेवणारी कडी) लागतात, गाल दस्त्यावरून सुटतो आणि डोकं हवेत तरंगतं.

९ पट झूममधून ५० मीटरवरचं भोक साध्या डोळ्याने साडेपाच मीटरवरून दिसावं तेवढं दिसतं. पांढऱ्या कागदावर पॉइंट २२ चं भोक तिथून ओळखता येतं, काळ्या भागावर अवघड जातं. २४ पट झूम लावला तर भोक नीट दिसेल, पण श्वास आणि नाडीचा प्रत्येक हेलकावाही दिसेल. नवखा नेमबाज त्या हेलकाव्याच्या मागे लागतो आणि चाप ओढण्याऐवजी झटकतो. १० ते २५ मीटरला ४ ते ६ पट, ५० ला ९ ते १२ पट, १०० ला १२ ते १६ पट एवढं हौसेच्या टार्गेटला भरपूर आहे.

खोक्यावर मोठे आकडे छापून माल खपवला जातो तो याच भागात. कमी किमतीत ६-२४×५०, लाल-हिरवं दिव्याचं रेटिकल, साइड फोकस आणि वर लेसर असं सगळं मिळत असेल, तर प्रत्येक भागावर थोडे थोडे पैसे कापलेले असतात. थोडे पैसे असतील तर थोड्याच गोष्टी असलेला स्कोप घ्यावा. त्याच किमतीतला साधा ४×३२ किंवा ३-९×४० जास्त भरवशाचा निघतो, कारण त्यात बिघडण्यासारखे हलते भाग कमी.

पॅरालॅक्स: जवळच्या अंतरावरची खरी अडचण

टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल स्कोपच्या आत एकाच प्रतलात पडले नाहीत, तर डोळा जरा सरकला की रेटिकल टार्गेटवरून सरकल्यासारखं दिसतं. रायफल तसूभर हलत नाही, तरी नेम बदलतो. ज्या स्कोपला हे जुळवायची सोय नसते तो कारखान्यातच एका अंतराला बांधलेला असतो: शिकारीच्या सेंटरफायर (जास्त ताकदीच्या काडतुसांच्या) रायफलीच्या स्कोपला बहुधा १०० ते १५० यार्ड, रिमफायरच्या स्कोपला ५० ते ६० यार्ड.

चूक जास्तीत जास्त किती होईल हे काढता येतं. टार्गेटचं अंतर आणि बांधलेलं अंतर यांतला फरक घ्या, त्याला बांधलेल्या अंतराने भागा आणि पुढच्या भिंगाच्या निम्म्या व्यासाने गुणा. १०० मीटरला बांधलेल्या ४० मिमीच्या स्कोपने ५० मीटरवर १० मिमी, २५ मीटरवर १५ मिमी आणि १० मीटरवर १८ मिमी. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर लागोपाठच्या दोन रिंगांत २.५ मिमी अंतर असतं. म्हणजे डोळा अगदी कडेला गेला तर सात रिंगांची चूक. शिवाय १० मीटरवरचं टार्गेट त्या स्कोपमधून धूसर दिसतं ते वेगळंच.

म्हणून १० ते २५ मीटरवर नेम धरणाऱ्याने जास्तीचा पैसा सर्वांत आधी पॅरालॅक्सच्या सोयीवर घालावा. ही सोय पुढच्या भिंगाभोवतीच्या कड्यात असते (खोक्यावर एओ असं लिहितात) किंवा डाव्या बाजूच्या चाकात. साइड फोकस हाताशी असतो, पण महाग पडतो. कडं स्वस्त आणि तितकंच उपयोगी आहे. सर्वांत जवळचं अंतर किती आहे ते मात्र विचारा. १० मीटरसाठी घेतलेला स्कोप २५ मीटरपासून पुढेच जुळत असेल तर काही उपयोग नाही. कड्यावर छापलेले आकडे अंदाजाचे समजा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, तिला न हलवता डोकं वर-खाली करा आणि रेटिकल टार्गेटवर स्थिर दिसेपर्यंत कडं फिरवा. तिथे आपली खूण करून ठेवा.

बांधलेल्या पॅरालॅक्सचाच स्कोप हाती असेल तर डोकं किंचित मागे घ्या. चित्राभोवती बारीक काळी कड दिसेल. ती चारी बाजूंनी सारखी दिसली म्हणजे डोळा मधोमध आहे. दर गोळीला गाल दस्त्यावर त्याच जागी टेकवा, बरीचशी चूक तिथेच संपते.

काच

कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. असे दहा पृष्ठभाग पार केले की ६६ टक्केच उरतो. चांगल्या बहुस्तरीय कोटिंगने दर पृष्ठभागी नुकसान अर्ध्या टक्क्यापर्यंत आलं तर ९५ टक्के पोचतो. एका थराच्या कोटिंगचं तंत्र झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढलं, बहुस्तरीय कोटिंग आज स्वस्त स्कोपातही असतं. वर्णनात 'फुल्ली मल्टिकोटेड' लिहिलंय का बघा. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्याच पृष्ठभागावर एक थर असू शकतो.

महाग काचेचा फायदा संध्याकाळी, सूर्य समोर असताना आणि चित्राच्या कडेला दिसतो. उजळ आकाशासमोरची काळी तार किंवा फांदी बघा. कडेला जांभळी-हिरवी झाक जितकी कमी तितकी काच चांगली. दुपारच्या उन्हात कागदावर नेम धरणाऱ्याला यातलं फारसं काही जाणवत नाही, त्यामुळे काचेसाठी बजेट ताणू नका. स्कोपमधून सूर्याकडे मात्र कधीही बघू नका.

रेटिकलबद्दल थोडक्यात: ठरलेल्या अंतरावरच्या कागदासाठी सेकंड फोकल प्लेन चांगलं. झूम बदलला तरी रेघांची जाडी तीच दिसते आणि किंमतही कमी. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल झूमबरोबर लहान-मोठं होतं, त्याच्या रेघा कमी झूमला इतक्या बारीक होतात की काळ्या टार्गेटवर हरवतात.

टरेट

पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिमी, ५० वर ३.६ मिमी आणि २५ वर १.८ मिमी नेम सरकवते. ०.१ मिलची (मिल म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाएवढा कोन) क्लिक १०० मीटरवर १० मिमी, ५० वर ५ मिमी.

टरेटचा स्क्रू आतल्या नळीला ढकलतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला स्क्रूवर दाबून धरते. स्वस्त स्कोपात ही स्प्रिंग कमजोर असते आणि स्क्रूचे आटे ढिले. चार क्लिक दिल्या तरी नेम हलत नाही, मग दोन गोळ्या झाल्यावर एकदम सरकतो. अशा स्कोपला हवंय त्यापेक्षा पाच-सहा क्लिक पुढे जाऊन परत त्या जागी यायचं, दर वेळी त्याच दिशेने. एकदा झिरो बसला आणि टरेट झाकले की हाच स्कोप गुमान काम करतो. रोज क्लिक फिरवायच्या असतील तर मात्र कसलाही उपाय पुरत नाही, चांगला टरेटच घ्यावा लागतो.

बसवणं

बऱ्याच स्कोपांवर नाहक ठपका येतो आणि दोष माउंटचा (स्कोप रायफलीला जोडणाऱ्या भागाचा) निघतो. रायफलीवर ११ मिमीची खाच आहे की पिकाटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) हे आधी बघा. वीव्हरच्या (तशाच पण अरुंद खाचांच्या पट्टीसाठीच्या) रिंगा पिकाटिनीवर बसतात, उलटं दर वेळी होत नाही. स्प्रिंगच्या रायफलीला एकसंध माउंट आणि खाली थांबा-पिन हवीच, नाहीतर स्कोप दर गोळीला केसभर मागे सरकतो.

रायफलीची नळी रिकामी असल्याची, आत गोळी नसल्याची खात्री करा. रेल आणि रिंगा स्पिरिटने पुसून तेल काढा. स्कोप सैल ठेवा, झूम सर्वांत जास्त करा, कारण डोळ्याची योग्य जागा तेव्हाच सर्वांत अरुंद असते. डोळे मिटून गाल टेकवा, मग उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. डोळा आणि स्कोप यांतलं हे अंतर बहुधा ७५ ते १०० मिमी येतं. डोळ्याकडचं मागचं कडं फिरवून रेटिकल स्पष्ट दिसेल असं करा. फिकट आकाशाकडे एखादाच सेकंद बघायचं, कारण जास्त वेळ बघितलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो.

मग रायफल सरळ धरून २० मीटरवर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी उभी रेघ जुळवा. स्कोप लावलेली पॉइंट २२ ची रायफल ५ अंश कलती धरली तर ५० मीटरवर गोळी सुमारे १ सेंमी बाजूला जाते. रिंगांचे स्क्रू आळीपाळीने, तिरक्या क्रमाने आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. बहुतेक रिंगांना १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरतं, उत्पादकाचा आकडा वेगळा असेल तर तो घ्या. जास्त आवळलं की स्कोपची नळी दबते, आतली यंत्रणा अडकते आणि चांगला स्कोपही स्वस्तासारखा वागू लागतो.

झिरो

आधी २५ मीटरवर तीन गोळ्या झाडा, ग्रुप कागदावर आणा, मग ५० वर जा. एका गोळीवरून क्लिक देऊ नका, तीन किंवा पाच गोळ्यांचा मध्य काढा. ५० मीटरवर मध्य ३० मिमी खाली आणि २० मिमी उजवीकडे असेल, तर पाव एमओएच्या टरेटवर ३० भागिले ३.६ म्हणजे ८ क्लिक वर, आणि ५ ते ६ क्लिक डावीकडे.

टरेट टोकाला जाऊन अडकत असेल तर जबरदस्ती करू नका. माउंट रायफलीच्या नळीच्या रेषेत नाही असा त्याचा अर्थ. टोकाजवळ स्प्रिंगचा दाबही बिघडतो आणि झिरो टिकत नाही. स्कोपच्या पुढच्या भिंगावर सपाट आरसा टेकवा, झूम कमी करा. रेटिकल आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांवर येईपर्यंत टरेट फिरवले की ते मध्यावर येतात. मग माउंटच बदला किंवा समायोजित होणारा माउंट लावा.

परत करायची मुदत संपण्याआधी

या चाचण्या स्वस्त स्कोपवर कराच, महागावरही करा. ५० मीटरवर मोठा कागद लावा, मध्यावर तीन गोळ्या झाडा. नेम त्याच ठिपक्यावर ठेवून ४० क्लिक वर, तीन गोळ्या. ४० उजवीकडे, तीन गोळ्या. ४० खाली, तीन गोळ्या. ४० डावीकडे, पुन्हा तीन. पाव एमओएच्या क्लिकने चौकोनाची प्रत्येक बाजू १४५ मिमी यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडायला हवा. बाजू १४० किंवा १५० आली पण स्कोप मूळ जागी परतला, तर तो ठेवा आणि प्रत्यक्ष क्लिकचं माप लिहून ठेवा. परत येत नसेल तर आधी सगळे स्क्रू तपासा, पुन्हा एकदा चाचणी करा, तरीही तेच झालं तर स्कोप परत करा.

दुसरी चाचणी झूमची. सर्वांत कमी झूमवर पाच गोळ्या आणि सर्वांत जास्त झूमवर पाच, एकाच ठिपक्यावर. दोन ग्रुपचे मध्य एकमेकांपासून सरकलेले दिसले तर झूम फिरवताना रेटिकल हलतंय. नेहमी एकाच झूमवर नेम धरणार असाल तर असा स्कोप चालवून घेता येतो, फक्त ते कडं टेपने पक्कं करून टाका.