सर्व्हिसमधून चालणाऱ्या स्क्रिप्टचं आउटपुट लॉगमध्ये घ्यायचं कसं

आमची एक पायथनमधली सर्व्हिस रोज रात्री बॅकअपची शेल स्क्रिप्ट चालवायची, कित्येक महिने काही तक्रार नाही आणि एक दिवस सकाळी बघतो तर बॅकअप अर्धवट, स्क्रिप्ट मेलेली नाही, एरर नाही, सीपीयू शून्य, नुसती बसून आहे. झालं असं की फाइली वाढल्या, फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला व्हर्बोज (प्रत्येक फाइलचं नाव छापायचा पर्याय) लावलेलं, सगळं आउटपुट पाइपमध्ये (एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी नळी) जातंय आणि आमचा कोड पाइप न वाचता स्क्रिप्ट संपायची वाट बघतोय. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ केबी मावतं, ते भरलं की लिहिणारा तिथेच थांबतो, म्हणजे दोघंही एकमेकांसाठी थांबलेले.

म्हणून पाइप उघडलात तर तो शेवटपर्यंत वाचत राहायचा. पायथनमध्ये सबप्रोसेसची कम्युनिकेट मेथड (आउटपुट वाचत स्क्रिप्ट संपायची वाट बघणारी) वापरली की हा घोळ होत नाही, पण ते सगळं आउटपुट मेमरीत साठवतं, बडबड्या स्क्रिप्टला ते परवडत नाही. मी स्टँडर्ड एरर (एररसाठीचा वेगळा प्रवाह) स्टँडर्ड आउटपुटमध्येच मिसळतो आणि वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) एकेक ओळ वाचून लॉगरला देतो. दोन्ही वेगळे हवे असतील तर दोन थ्रेड करा, आधी एक पूर्ण वाचून मग दुसरा असं केलंत तर परत तेच होणार. ओळीच्या लांबीलाही मर्यादा घाला, एखादी स्क्रिप्ट एंटर न मारता शंभर एमबी ओकू शकते.

सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस असेल आणि आउटपुटवर काही करायचंच नसेल तर पाइप उघडूच नका, स्क्रिप्टला सर्व्हिसचंच आउटपुट मिळतं आणि सगळं सिस्टमडीच्या जर्नल या लॉगमध्ये जातं. फक्त तिथे डीफॉल्टला ३० सेकंदांत १०,००० मेसेजची मर्यादा असते, पुढचे टाकून दिले जातात.

आता महत्त्वाचं, स्क्रिप्टचं आउटपुट हा बाहेरून आलेला मजकूर आहे, त्यावर भरवसा ठेवू नका. लिनक्सवर फाइलच्या नावात नवीन ओळसुद्धा असू शकते, ते नाव फाइंड या फाइली शोधायच्या कमांडने पाइपमध्ये छापलं की लॉगमध्ये हवी तशी खोटी ओळ घुसवता येते, म्हणून प्रत्येक ओळीआधी स्क्रिप्टचं नाव आणि पीआयडी (प्रोसेसचा नंबर) लावा. एस्केपसारखी कंट्रोल कॅरेक्टर (टर्मिनलला हुकूम देणारी, न दिसणारी) बदलून टाका नाहीतर कोणी टेल कमांडने लॉग बघताना त्याच्या टर्मिनलवर ती चालतात. चुकीच्या बाइट्सवर डिकोडिंग फुटून वाचणारा थ्रेडच मरतो, तेव्हा डिकोड करताना errors या पर्यायाला replace द्या. सी मध्ये लिहित असाल तर ती ओळ सिसलॉगला (सिस्टमच्या लॉगमध्ये लिहिणारं फंक्शन) कधीच फॉरमॅट म्हणून देऊ नका, फॉरमॅट टक्के-एस (%s) आणि ओळ त्याच्यापुढे. नुसता मजकूर लॉग केल्याने काय होऊ शकतं हे डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j, जावाची लॉगिंग लायब्ररी) मधल्या सुरक्षा-दोषाच्या वेळी सगळ्यांनी बघितलंय.

पासवर्डचं पण बघा. शेल स्क्रिप्टमध्ये डीबगसाठी सेट मायनस एक्स (set -x, प्रत्येक कमांड चालवताना छापणारा पर्याय) राहून गेलं तर टोकनसकट अख्खी कमांड लॉगमध्ये उतरते. सर्व्हिसमध्ये मास्क करण्यापेक्षा (गुप्त भाग झाकण्यापेक्षा) स्क्रिप्टच दुरुस्त करा, मास्कमधून काही ना काही निसटतंच. लॉग फाइलची परमिशन ०६४० (मालकाला वाचणं-लिहिणं, ग्रुपला फक्त वाचणं), आणि टेंप फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाने लॉग ठेवू नका.

शेवटच्या ओळी गायब होत असतील तर ते बफरिंग, टर्मिनल नसलं की प्रोग्रॅम आउटपुट साठवून ठेवतात आणि मध्येच किल केलं की ते जातं. पायथनला मायनस यू (-u) द्या, बाकीच्या बऱ्याच प्रोग्रॅमना एसटीडीबफ (stdbuf, बफरिंग बदलणारी कमांड) चालतं.

आणि स्क्रिप्टने बॅकग्राउंडला एखादी प्रोसेस सोडली असेल तर स्क्रिप्ट संपली तरी पाइप उघडाच राहतो, तुमचा थ्रेड वाट बघत बसतो. यासाठी स्क्रिप्ट नवीन सेशनमध्ये सुरू करा, टाइमआउट ठेवा, वेळ संपली की अख्खा प्रोसेस ग्रुप (स्क्रिप्ट आणि तिने सुरू केलेल्या प्रोसेस) मारा. हे सगळं लिहून झालं की स्क्रिप्टच्या जागी एकदा येस कमांड (yes, तीच ओळ न थांबता छापणारी), एकदा यूरँडममधले (/dev/urandom, कसेही बाइट्स देणारी फाइल) दहा एमबी आणि एकदा बॅकग्राउंडला तासाभराची स्लीप लावून बघा, तिन्हीत सर्व्हिस टिकली तरच प्रॉडक्शनवर टाका.