जुन्या गाडीतलं मूळ कसं शोधावं आणि कसं जपावं

जुनी गाडी ताब्यात आली की पहिली इच्छा होते ती तिला धुण्याची. तो मोह आवरा. वर्षानुवर्षं साठलेल्या धुळीखाली, ग्रीसच्या पापुद्र्याखाली कारखान्यातल्या कामगारांनी केलेल्या खुणा असू शकतात. तपासणाऱ्यानं नटावर लावलेला रंगाचा ठिपका, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर, खडूनं लिहिलेला आकडा, दाराच्या आतल्या पत्र्यावर मेणाच्या पेन्सिलीनं ओढलेली रेघ. जोरात पाणी मारलं की हे सगळं वाहून जातं. माझ्या हातून एकदा हे झालंय. फायरवॉलवरच्या चार आकड्यांपैकी दोन उरले, बाकीचे दोन काय होते ते आता कुणालाच कळणार नाही.

म्हणून पाण्याआधी कॅमेरा. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, आणि पत्र्याचे फोटो काढताना टॉर्च त्याला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडा. समोरून सपाट दिसणाऱ्या दारावर बुजवलेली भोकं आणि जुन्या पट्ट्यांच्या कडा मग आपोआप उठून दिसतात. त्यानंतर मऊ ब्रश आणि ओलसर फडकं, इतकंच. ब्रेक आणि क्लचजवळची धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. त्यांच्या जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे घासणाऱ्या अस्तरात, अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ ओली करूनच पुसा, चांगला मास्क लावून.

आता आकडे शोधा. सतरा अक्षरांचा ठरावीक साच्याचा चेसिस नंबर १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळे आपल्या मॉडेलचा नंबर कसा वाचायचा हे त्या गाडीच्या मूळ पुस्तिकेतच पाहायला हवं. खरी माहिती मात्र सुट्या भागांवर असते. जनरल मोटर्सच्या अनेक ओतीव भागांवर ‘सी १४ ७’ अशी खूण दिसते. सी म्हणजे तिसरा महिना, म्हणून १४ मार्च. शेवटचा ७ हा वर्षाचा शेवटचा आकडा. ते १९५७ की १९६७, हे त्या भागाच्या घडणीवरून ठरवायचं. काचांच्या कोपऱ्यातही बनवणाऱ्याचा शिक्का आणि बहुतेक वेळा तारखेची खूण असते. हिशोब सरळ आहे: भाग गाडीच्या आधी बनायला हवा. इंजिनाची तारीख गाडीच्या तारखेनंतरची निघाली, तर ते इंजिन मागाहून बसवलेलं आहे.

अमेरिकी गाडी असेल तर सीटच्या स्प्रिंगांत आणि पेट्रोलच्या टाकीवर हात घालण्याआधी नीट पाहा. जोडणीच्या वेळी गाडीबरोबर फिरणारा कागद, ज्यावर रंग, गिअरबॉक्स, सीटचं कापड सगळं लिहिलेलं असे, तो कित्येकदा तिथंच राहून गेलेला असतो. सापडला तर ओढू नका. आधी जागेवरच फोटो, मग खालून पुठ्ठा सरकवून उचला.

रंगाचं काम सगळ्यात निवांत करायचं. मूळ रंग आधी जिथं ऊन आणि नंतरच्या रंगाऱ्याचा हात दोन्ही पोचले नाहीत तिथं शोधा: डॅशबोर्डच्या मागं, दाराच्या अस्तराखाली, सीटच्या पट्टीखाली. त्यानंतर बाहेरच्या पत्र्यावर, सहज डोळ्यांत न भरणाऱ्या जागी, तळहाताएवढा भाग गोल गोल घासा. पाण्याचा पॉलिश पेपर वापरायचा, ४०० नंबरपासून सुरू करून ६००, १००० आणि शेवटी १५००. मधे जास्त, कडेला कमी दाब दिला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटतात आणि गाडी किती वेळा रंगली ते समोर दिसतं. कोरडं अजिबात घासू नका, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

इथं दोन चुका नेहमी होतात. पत्र्याला लागून असलेला तांबूस किंवा करडा थर हाच मूळ रंग समजला जातो. बहुतेकदा तो प्रायमर असतो, रंग त्याच्या वरचा. दुसरी चूक म्हणजे उन्हात फिकट झालेल्या बोनेटवरून छटा ठरवणं. छटा घ्यायची ती डॅशबोर्डमागच्या तुकड्यावरूनच. आणि अनपेक्षित रंग निघाला तर लगेच नाकारू नका. फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते १९१४ ते १९२५ या काळापुरतंच खरं आहे. त्याआधीच्या गाडीत काळ्याखालून हिरवा निघाला तर तो हिरवाच बरोबर असू शकतो.

वरचा रंग थिनरनं पुसून काढावा असं वाटेल. आधी लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्यानं तपासा. खालचा मूळ थर सेल्युलोज या जुन्या प्रकारच्या रंगाचा असेल तर थिनर त्यालाच आधी विरघळवतो, वरचा कडक इनॅमल तसाच राहतो.

पत्रा तपासायला फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक पुरतो. चिकटला नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं मेकॅनिक सांगेल. नेहमीच तसं नसतं. छत आणि खांबाच्या सांध्यांत कारखान्यातच शिसं भरलं जायचं, आणि शिशालाही चुंबक चिकटत नाही. टोकानं हलकेच खरवडा. चंदेरी चमक दिसली तर ते शिसं, आणि बहुधा मूळचंच. भुकटी निघाली तर लांबी.

दोन दारांमधल्या खांबावर लांब, उभी बुजवलेली खाच लागली तर हातोडा खाली ठेवा. हे घबाड आहे. लुकलुकणारे दिवे येण्याआधी वळताना खांबातून एक उजळणारा छोटा हात बाहेर पडायचा. फोक्सवॅगन बीटल आणि मॉरिस मायनरवर हे हात १९६० च्या आसपासपर्यंत होते. नंतर अनेकांनी खाच बुजवली, पण आतली यंत्रणा काढायचे कष्ट घेतलेच असतील असं नाही. बाहेरून फोडू नका. आतलं अस्तर सोडवून वायरचं टोक दिसतंय का बघा आणि आतूनच वाट काढा.

सीटवर एकावर एक खोळी चढवलेल्या असतात. कात्रीऐवजी टाचण्या उपसण्याचं साधन घ्या. मूळ कापडाचा खरा रंग शिवणीच्या दुमडीत आणि पायपिंगखाली टिकतो. टाचण्यांच्या भोकांची रांग खोळ किती वेळा बदलली ते सांगते. आत घोड्याचे केस भरलेले निघाले तर ते फेकून फोम घालू नका, ते उकलून पुन्हा वापरता येतात.

स्क्रूसुद्धा बोलतात. फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू मोटारीत पहिल्यांदा १९३६ च्या कॅडिलॅकसाठी वापरले गेले, म्हणजे १९२८ च्या गाडीत ते दिसले की तिथं नंतर कुणाचा तरी हात लागलाय. पण विचित्र वाटणारं सगळं चुकीचं नसतं. जुन्या मॉरिस आणि एमजी इंजिनांत आटे मेट्रिक आणि नट-बोल्टचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचं, अशी मजेशीर जोडी आहे. मॉरिसनं हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीचा इंग्लंडमधला इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती, पण इंग्लिश मेकॅनिकच्या हातातले नट फिरवायचे पाने व्हिटवर्थ मापाचेच होते. हे माहीत नसलेला माणूस चुकीचा बोल्ट ठोकून आटे खराब करतो.

कापडी वेष्टणाच्या वायरिंगचा रंग उडालेला असला तरी क्लिपखाली तो ताजा मिळतो. तिथून आकृती काढा, जुनी वायर नमुना म्हणून ठेवा, पण तिच्यातून वीज सोडू नका. बॅटरी जोडण्याआधी तिचं कोणतं टोक अर्थिंगसाठी बॉडीला जोडलेलं आहे ते पाहा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेलं असतं.

सापडलेलं सगळं परत मूळ रूपात आणायलाच हवं असं नाही. जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ मध्ये तुरीन सनद स्वीकारली. केलेला बदल शक्यतो उलटवता यावा, असा तिचा रोख आहे. माझंही मत तेच. खांबातला हात चालू करा, पण एखाद्या मालकानं पन्नास वर्षांपूर्वी लावलेले लुकलुकणारे दिवेही राहू द्या. रस्त्यावर मागच्या गाड्यांना तेच कळतात.

नवा रंग चढवायच्या दिवशी डॅशबोर्डमागच्या त्या मूळ रंगाच्या तुकड्यावर मास्किंग टेप लावा. रंगाऱ्याला तोंडी सांगून भागत नाही, टेपवरच मोठ्या अक्षरात लिहा: इथं रंगवू नये.