निराधारचा अर्ज पुढाऱ्याच्या गाडीत ठेवू नका, आणि बाकीच्या चुकाही टाळा

ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की माझ्या ओट्यावर कागदांच्या पिशव्या उघडतात. निराधार, श्रावणबाळ, रेशन. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत हे अर्ज भरून देतो त्याला बारा वर्षं झाली. दरवर्षी त्याच चुका आणि त्याच बायाबापड्यांचं नुकसान बघून जीव तुटतो.

अर्ज तहसीलला न देता पुढाऱ्याला देणं

पलीकडच्या वाडीतल्या एका मावशींचा नवरा फडावरच वारला. पदरात दोन लेकरं. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना 1,500 मिळतात हे त्यांना कळलं होतं. कागद सगळे नीट जमवले आणि गावात सभा झाली तेव्हा तिथल्या कार्यकर्त्याच्या हातात दिले.

"भाऊंनी फोटो काढला, करतो म्हणले," एवढ्या शब्दावर त्या अकरा महिने थांबल्या.

मी त्यांना घेऊन तहसीलला गेलो. कारकुनाबरोबर बसून आवक नोंदवहीची पानं उलटली. त्यांचं नाव कुठंच नव्हतं. अर्ज सापडला पुढाऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, सत्काराच्या शालींच्या ढिगाखाली. उन्हानं फोटो दुसऱ्याच कोणाच्या अर्जाला चिकटला होता. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मार्चलाच संपली होती. नव्यानं सगळं केलं, समितीच्या पुढच्या बैठकीत मंजूर झालं. आधीचे अकरा महिने मात्र गेले ते गेले. 16,500 रुपये! त्या घरात तेवढ्यात वर्षाचं किराणा भागलं असतं.

म्हणून माझी सवय सांगतो. दोन झेरॉक्स, आवक खिडकी, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शिक्का पडल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही, मग जेवणाची सुट्टी होवो की आणखी काही. "ओळखीनं लवकर होतं" म्हणणारी तरुण पोरं मला भेटतात. ओळखीच्या कामाला तारीख नसते आणि तारखेशिवाय अपील करता येत नाही.

पुढाऱ्याकडे जाऊच नये असं मी म्हणत नाही. निराधारची प्रकरणं मंजूर करणाऱ्या तालुका समितीचा अध्यक्ष बहुतेक वेळा पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं येतो, तहसीलदार सदस्य सचिव असतात. म्हणजे पुढाऱ्याला एक प्रश्न हक्कानं विचारता येतो: बैठक कधी लावताय? अर्ज वाहून नेणं हे त्यांचं काम नाही.

त्यांचं काम काय, हे बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यानं बघितलंय. आमच्या म्हाताऱ्या खडी फोडायला गेल्या, सुकडीवर दिवस काढले. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पुढं 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेतला गेला. खडी फोडणाऱ्या बाईला काम हक्कानं मागता यावं एवढं बळ त्या कागदात होतं. असा पुढारी मला आजही हवा आहे.

योजना आणि कायदा एकच समजणं

लाडकी बहीण, निराधार या शासन निर्णयावर चालणाऱ्या योजना. दुसरा शासन निर्णय निघाला की रक्कम आणि अटी बदलतात. रेशनचं तसं नाही. त्यामागं संसदेनं केलेला 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कार्डामागं 35 किलो. दुकानदार कमी देत असेल तर मशीनची पावती मागा आणि ती जोडून लेखी तक्रार करा. विनवण्या करू नका, ते धान्य तुमचं आहे.

दाखल्यासाठी नुसत्या चकरा मारणं

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील करा. अधिकाऱ्याला 500 ते 5,000 दंड होऊ शकतो. मी अपील लिहायला बसलो की निम्मे दाखले दुसऱ्या दिवशी तयार असतात.

बाकीच्या, थोडक्यात

आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज.

फडावर मृत्यू झाला तर तिथल्याच ग्रामपंचायतीत 21 दिवसांत नोंद करा. गावी आल्यावर बघू म्हणालात की वर्ष जातं.

तोडीला जाताना रेशन कार्ड घरी ठेवू नका, धान्य तिकडच्या दुकानातही उचलता येतं.

पोरांच्या नावावर जमीन करताना बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 त्या अटीच्या जोरावर चालतं. अट नसेल तर प्रांताच्या दारात म्हातारा-म्हातारीचे फार हाल होतात, मी डोळ्यांनी बघितलेत.

आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्या, पैसे थांबायच्या आधी.