लीजवर स्पोर्टी सेडान घेताना: बडोदेकरांसाठी गाडी निवडण्याची रीत

शोरूममध्ये शिरलेला माणूस आधी हॉर्सपॉवर विचारतो, मग ऑन-रोड किंमत. लीजवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या भाड्याने, गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: तीन वर्षांनी या गाडीचे किती पैसे उभे राहतील? लीजमध्ये तुम्ही गाडीची पूर्ण किंमत भरतच नाही. भरता ते तीन गोष्टींचे: किमतीत झालेली घट, लीज कंपनीच्या अडकलेल्या पैशावरचे व्याज आणि या दोन्हींवरचा जीएसटी. तीन वर्षांनी उरणाऱ्या किमतीला धंद्यात रेसिड्युअल व्हॅल्यू, थोडक्यात आरव्ही म्हणतात. सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो.

नमुन्याचे आकडे घेऊ. गाडीची एक्स-शोरूम किंमत 70 लाख. 22 सप्टेंबर 2025 पासून या वर्गातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर सरसकट 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे मूळ किंमत 50 लाख आणि कर 20 लाख. खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट लीज कंपनीला मिळते, म्हणून तिचा हिशेब 70 वर नाही, 50 वर चालतो. मुदत 36 महिने, व्याज 10 टक्के, आरव्ही 40 टक्के धरली तर उरतात 20 लाख. घट 30 लाखांची, महिन्याला 83,333. व्याज सरासरी 35 लाखांवर, महिन्याला 29,167. बेरीज 1,12,500, आणि भाड्यावरही गाडीचाच 40 टक्के दर लागतो, म्हणून हातात येणारे बिल 1,57,500. आता फक्त आरव्ही 50 टक्के करा, बाकी सगळे तेच ठेवा. बिल 1,41,000 च्या आसपास येते. तीन वर्षांत फरक जवळपास सहा लाखांचा, तोही त्याच किमतीच्या गाडीत. आरटीओ कर, विमा आणि मेंटेनन्स यावर वेगळे.

डीलरने पाच लाखांची सूट दिली तर? त्याच हिशेबात, आरव्ही 20 लाखच ठेवून, बिल साधारण 1,41,500 होते. म्हणजे पाच लाखांची सूट आणि आरव्हीतले 10 टक्के यांचे वजन जवळजवळ सारखेच. पण सूट लीज कंपनीच्या नावच्या इनव्हॉइसमध्ये उतरली तरच भाडे कमी होते. सीट कव्हर, सिरॅमिक कोटिंग आणि मोफत सर्व्हिसच्या रूपाने दिलेली सूट तुमच्या भाड्यात शून्य उतरते. आणि ज्या मॉडेलवर सतत मोठी सूट चालू असते, त्याचा जुन्या बाजारातला भावही पडलेला असतो. तिथे आरव्ही आपोआप खाली येते आणि सुटीचा फायदा तिथेच जिरतो.

कोटेशन मागवताना म्हणून नुसता मासिक आकडा घेऊ नका. गाडीची धरलेली किंमत, आरव्ही, व्याजदर, मेंटेनन्स, विमा आणि जीएसटी या सहा ओळी सुट्या मागा. एकाच गाडीसाठी किमान दोन लीज कंपन्यांकडून घ्या. आरव्ही सांगायला जो का-कू करतो, त्याच्या कोटेशनची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नाही.

मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखानदारांनी आणि डॉक्टर-वकिलांसारखी स्वतःची प्रॅक्टिस असणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच सीएला विचारून घ्यावी. भाडे धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, पण 13 माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीच्या भाड्यावरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, नेहमीच्या धंद्याला मिळत नाही. ‘जीएसटी परत मिळेल’ असे सेल्समन म्हणाला तर ते लिहून मागा, गप्प बसेल. पगारदाराला कंपनीतर्फे गाडी मिळत असेल तर पर्क्विझिटचे, म्हणजे त्या सोयीचे पगारात धरले जाणारे करपात्र, मूल्य इंजिन 1.6 लिटरच्या वर की खाली यावर बदलते. मर्सिडीज सी200 चे इंजिन दीड लिटरचे आहे, ते रेषेच्या खाली बसते. दोन लिटरवाल्या सगळ्या गाड्या वर. फरक थोडाच, पण फुकटचा आहे.

कोणती गाडी

या वर्गात खरी चुरस दोनच गाड्यांत आहे. बीएमडब्ल्यू 3 सिरीजचे दोन अवतार लक्षात घ्या. लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ग्रॅन लिमोझिन मागे बसणाऱ्यासाठी आहे. तिचे दोन लिटर पेट्रोल इंजिन 258 अश्वशक्तीचे, म्हणजे ती मंद मुळीच नाही. एम340आय मात्र स्वतः चालवणाऱ्याची गाडी: तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, 374 अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, 100 चा वेग 4.4 सेकंदांत. ती चेन्नईत जुळवली जाते, म्हणून आयात गाडीच्या मानाने किंमत आवाक्यात राहते. घरात ड्रायव्हर असेल आणि तुम्ही मागे बसून फोनवर बोलणार असाल तर एम340आय घेण्यात अर्थ नाही. मागची जागा ग्रॅन लिमोझिनएवढी नाही.

दुसरी मर्सिडीज सी-क्लास, चाकणला जुळवलेली. सी300 एएमजी लाइनमध्ये ‘एएमजी’ हे नाव बंपर, चाके आणि आतल्या सजावटीपुरते आहे. इंजिन दोन लिटर, चार सिलिंडर, 258 अश्वशक्तीचे. खरी एएमजी सी43 पूर्ण बांधणीत आयात होते आणि तिथे भाडे एकदम वरच्या पायरीवर जाते. ऑडी ए4 आरामशीर आहे, पण आपल्याकडे ती पुढच्या चाकांवर चालणारी, 204 अश्वशक्तीची मिळाली. तिला स्पोर्टी म्हणणे म्हणजे जरा ओढूनताणून.

गाडीची पिढी किती जुनी हेही पाहा. सध्याची 3 सिरीज 2018 मध्ये जगासमोर आली, सी-क्लास 2021 मध्ये, आणि ए4 ची जागा ऑडीने जागतिक बाजारात 2024 पासून ए5 ला दिली. लीज चालू असताना नवी पिढी आली की जुनीचा भाव झटक्यात खाली येतो. ऑपरेटिंग लीजमध्ये हा तोटा लीज कंपनीचा असतो, म्हणून तिथे उतरत्या मॉडेलवर कोणी चुकून जास्त आरव्ही देत असेल तर आनंदाने घ्या. फायनान्स लीजमध्ये, किंवा शेवटी ठरलेल्या किमतीला गाडी विकत घेण्याचे बंधन असेल तर, तोच तोटा तुमच्या गळ्यात पडतो. करारात यांपैकी कोणता प्रकार आहे ते पहिल्याच पानावर शोधा.

बीएमडब्ल्यू आय4 सारख्या विजेच्या सेडानवर जीएसटी 5 टक्के, त्यामुळे भाड्यावरही 5 टक्केच. कोटेशन जरूर मागवा. मात्र लीज कंपन्या विजेच्या गाडीची आरव्ही हात राखून धरतात, त्यामुळे करात वाचलेले बरेचसे तिथे जाते.

बडोद्यात काय तपासायचे

शोरूमची ठरलेली टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गुळगुळीत रस्त्यावरचा फेरफटका. त्यावर समाधान मानू नका. चार माणसे बसवा, डिकीत दोन बॅगा टाका आणि गाडी तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उतरवून वर काढा. स्पोर्टी सेडानचा पुढचा ओठ, म्हणजे बंपरचा खालचा भाग, लांब आणि खाली असतो, व्हीलबेसही लांब. उतार जिथे सपाट जमिनीला मिळतो तिथे पुढचे नाक घासते आणि चढाच्या माथ्यावर पोट टेकते. मग तुमच्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत उंच बंप घ्या, आधी सरळ, मग तिरका. जुन्या शहरातल्या मांडवी, न्यायमंदिर भागात रोज जाणे असेल तर गाडीची रुंदी आणि वळायला लागणारी जागाही तिथेच कळते. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून नाही.

पोटाखाली काळ्या प्लॅस्टिकची चादर असते, अंडरट्रे. ती क्लिपा आणि स्क्रूंवर टांगलेली असते. बंपवर दोनदा घासली की पुढच्या क्लिपा निखळतात आणि चादर वाऱ्याने फडफडू लागते. एक्सप्रेसवेवर 80 च्या पुढे खालून ‘फर्रर्र’ आवाज आला तर बहुधा तीच. दुरुस्ती छोटी, पण गाडी परत देताना तपासनीस वाकून आधी तिथेच बघतो.

दुसरी टेस्ट ड्राइव्ह अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेवर घ्या. 93 किलोमीटरच्या या रस्त्यावर कारला 100 ची मर्यादा आहे आणि 374 अश्वशक्ती तिथेही पूर्ण वापरता येत नाही. तेव्हा पाहायचे ते असे: 100 वर टायरचा आवाज किती, सस्पेन्शन कम्फर्टवर ठेवल्यावर पुलांच्या सांध्यांवर कंबरेला धक्का बसतो का, आणि ट्रकच्या मागून 60 वरून 100 ला गाडी किती सहज जाते. उसळी हवी तर ती इथे. सस्पेन्शन कम्फर्ट-स्पोर्ट असे बदलणारे आहे की एकाच कडकपणाचे, हे त्याच व्हेरिएंटच्या यादीत वाचून घ्या. डेमो गाडी वरच्या व्हेरिएंटची असू शकते.

टायर

225/45 आर18 या 18 इंची चाकाच्या मापात रबराची भिंत 225 मिमी रुंदीच्या 45 टक्के, म्हणजे 101 मिमी. चाके 19 इंची करून 225/40 घेतले की भिंत 90 मिमी उरते. हे 11 मिमी बडोद्याच्या पावसाळी खड्ड्यांत फार मोलाचे आहेत: भिंत पातळ असली की खड्ड्याची कड थेट रिमला लागते, टायरला बाजूने गोळा येतो, आणि गोळा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पर्याय असेल तर 18 इंचीच घ्या. दिसायला 19 भारी, मान्य.

काही स्पोर्टी गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. ते पुढे-मागे फिरवता येत नाहीत आणि मागची जोडी 25 हजार किलोमीटरच्या आसपासही संपू शकते. करारात ‘टायर समाविष्ट’ असेल तर किती टायर, कोणत्या ब्रँडचे, आणि गोळा येणे त्यात धरले आहे का, हे विचारा. रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडे अंतर चालणारे) टायर असतील तर डिकीत स्टेपनी आहे का तेही पाहा.

पाणी

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा घराघरांतल्या गाड्या बुडाल्या. त्याशिवाय दर पावसाळ्यात अलकापुरीचे गरनाळे, म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता, भरतेच. खाली बसणाऱ्या सेडानमध्ये इंजिनचा हवा ओढायचे तोंड बंपरच्या उंचीवर असते. पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा सुरू केली तर हेच होते, आणि हे नुकसान साध्या विम्यात बसत नाही. इंजिन प्रोटेक्शन कव्हर म्हणून हवेच. झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापणारे) आणि टायर-रिम कव्हरही. गाडी पूर्ण बाद झाली तर विम्याचे पैसे लीज कंपनीला जातात. लीज कंपनीचे उरलेले येणे त्याहून जास्त असेल तर फरक कोणी भरायचा हे करारात पाहा. इनव्हॉइसएवढी किंमत देणाऱ्या रिटर्न टू इनव्हॉइस कव्हरने तो बराचसा भरून निघतो.

करार

किलोमीटरची मर्यादा अंदाजाने घेऊ नका. आठवड्यातून एकदा अहमदाबादला जाऊन-येऊन 220 किलोमीटर, वर्षाचे 50 आठवडे धरले तर 11,000. शहरात रोज 25, 300 दिवस, म्हणजे 7,500. एकूण 18,500. इथे 15,000 चा स्वस्त करार घेणे म्हणजे तीन वर्षांत 10,500 किलोमीटरचा दंड भरणे. 20,000 चा घ्या, आणि मधेच मर्यादा बदलता येते का ते विचारा.

नोंदणी जीजे-06 ची, म्हणजे बडोद्याचीच मागा. लीज कंपनीने गाडी परराज्यात नोंदवली तर 12 महिन्यांपेक्षा जास्त ती इथे ठेवल्यावर इथला नंबर आणि इथला कर लागतो. कराचा भुर्दंड कोणाचा, हे आधी ठरलेले बरे. गाडीचा मालक कागदोपत्री लीज कंपनी असते, म्हणून आरटीओ कराचा दर तुमच्या नावाने नव्हे तर कंपनीच्या नावाने काय पडतो तो कोटेशनमध्ये लिहून घ्या.

मुदतीआधी गाडी परत करण्याचे कलम शांतपणे वाचा. पहिले 12 महिने लॉक-इन, म्हणजे गाडी परतच करता येत नाही, आणि नंतर उरलेल्या भाड्यांचा मोठा भाग, अशी रचना सर्रास दिसते. ‘नेहमीची झीज’ म्हणजे काय याची चित्रांसह यादी मागा: रिमवरचा किती सेंटिमीटरचा ओरखडा चालतो, काचेवर किती मोठा टवका चालतो. यादी नसेल तर परतीच्या दिवशी तपासनीस म्हणेल ती झीज.

डिलिव्हरीच्या दिवशी

फॉर्म 22 वर, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याच्या उत्पादकाच्या दाखल्यावर, बनावटीचा महिना आणि वर्ष असते. डिसेंबरची गाडी जानेवारीत हातात आली तरी जुन्या बाजारात ती एक वर्ष जुनीच मोजतात, आणि विकत घेण्याचे बंधन असेल तर ते तुमच्याच खिशातून जाते. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे पाहा: 1425 म्हणजे 2025 चा 14 वा आठवडा. पेट्रोलच्या झाकणाआड ई20 चे (20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल चालते असे) स्टिकर आहे का बघा. मग चारही रिम, पुढच्या ओठाची खालची कड, काच आणि शक्य झाल्यास रॅम्पवर उभी करून अंडरट्रे यांचे दिवसाउजेडी फोटो काढा आणि त्याच दिवशी लीज कंपनीच्या ईमेलवर पाठवा. व्हॉट्सॲपवर सेल्समनला पाठवलेले फोटो तो नोकरी सोडून गेला की कोणी मोजत नाही.