आ-हा वाला मॅग्ने: आधी कानांनी, मग डोळ्यांनी

आ-हा या नॉर्वेच्या पॉप बँडचं नाव काढलं की बहुतेकांना मॉर्टन हार्केटचा वर वर चढत जाणारा आवाज आठवतो, नाहीतर 'टेक ऑन मी' गाण्याचा तो पेन्सिलच्या चित्रांचा व्हिडिओ, आणि कीबोर्डवाला मॅग्ने फुरुहोल्मेन आपला बाजूला राहतो. पण हा बाबा गाणी लिहितो, लाकडावर कोरून प्रिंट काढतो, मातीची मोठाली शिल्पं करतो, त्यामुळे सगळं एकदम बघायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. म्हणून क्रम सांगतो.

सुरुवात 'टेक ऑन मी'पासूनच करा, नाक मुरडू नका. हेडफोन लावायचे, गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करायचं आणि फक्त कीबोर्डची धून पकडायची. ती मॅग्नेला शाळकरी वयातच सुचलेली, आ-हाच्या आधी पॉलबरोबर (आ-हाचा गिटारवाला, पॉल वाक्टार) ब्रिजेस नावाचा बँड होता तेव्हापासूनची. 1984 ला गाणं आलं ते पडलं, मग अ‍ॅलन टार्नीने ते नव्याने प्रोड्यूस केलं, नवा व्हिडिओ आला आणि ऑक्टोबर 1985 मध्ये अमेरिकेत एक नंबर. धून मात्र तीच हां. आता लगेच 2017 चं अनप्लग्ड लावा, म्हणजे साध्या, बिनविजेच्या वाद्यांवरची मैफल, नॉर्वेतल्या गिस्के बेटावर रेकॉर्ड केलेली. उड्या मारणारं गाणं इथे पार संथ झालंय आणि मला विचाराल तर त्यातली हुरहूर इथेच कळते.

मग क्रेडिट वाचायची सवय लावा. आ-हाची बरीच गाजलेली गाणी पॉलची आहेत, मॅग्नेची त्यातून वेचून काढावी लागतात. 'लाइफलाइन्स' त्याचं. अजून एक करा, 2008 च्या त्याच्या सोलो अल्बममधलं 'द लाँगेस्ट नाइट' ऐका आणि पाठोपाठ आ-हाचं 2009 चं 'फूट ऑफ द माउंटन' लावा, काय कुठून आलंय ते सांगायची गरजच पडणार नाही.

सोलोमध्ये तो स्वतः गातो, आवाज साधाच, मॉर्टनसारखं काही शोधू नका. 2004 च्या अल्बममध्ये कोल्डप्ले आणि ट्रॅव्हिस या ब्रिटिश बँडची मंडळी वाजवायला आहेत, तिथून सुरू करा. 2019 चा 'व्हाइट एक्समस लाइज' नाताळचा आहे पण चांगलाच उदास, पार्टीत लावाल तर पाहुणे उठून जातील. अपराट्यिक नावाचा ग्रुपही आहे, कोल्डप्लेच्या गाय बेरीमनबरोबर, तो सगळ्यात शेवटी, आणि नाही झेपला तरी चालेल, मलाही अर्धाच झेपतो.

आता डोळ्यांचं काम. त्याच्या प्रिंटमध्ये जागोजागी अक्षरं असतात, अर्धवट शब्द, एकमेकांवर चढलेले. आपण लगेच वाचायला धावतो, ते करू नका! आधी नुसता आकार बघा, कुठे रेघ जाड आहे, कुठे दोन रंग एकावर एक बसलेत. लाकडावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं, म्हणजे करणारा माणूस सुद्धा कोरताना अक्षर वाचत नसतो, आकारच कोरत असतो. हे डोक्यात ठेवून बघा, मग सावकाश वाचा.

ऑस्लोला जाणं होणार असेल तर शेजारच्या फोर्नेबूला जाच. जुना विमानतळ तिथेच होता, 1998 ला बंद झाला. तिथल्या फोर्नेबूपोर्टेनमध्ये त्याची 'इम्प्रिंट्स' ही सिरॅमिकची शिल्पं उघड्यावर मांडलेली आहेत, बाहेरच असल्यामुळे तिकीटबिकीट काही नाही. लांबून फोटो काढून परत फिरू नका, अगदी जवळ जा आणि भोवती चक्कर मारा. ऊन तिरपं असताना गेलात तर उत्तम, मातीतले खाचखळगे आणि ठसे तेव्हाच नीट दिसतात, भर दुपारी सगळं सपाट वाटतं. फोर्नेबू फ्योर्डला, म्हणजे समुद्राच्या लांब खाडीला, लागूनच आहे, वारा झोंबतो, जॅकेट घ्या. वेळ उरला तर हेनी ऑनस्टाड आर्ट सेंटरही त्याच बाजूला आहे, फक्त ते कधी उघडं असतं ते निघायच्या आधी बघून घ्या.