शहर बदलताय? शिफ्टिंगमधल्या या चुका टाळा

बदली झाली किंवा नवीन नोकरी लागली की लोक पहिला फोन पॅकर्सवाल्याला लावतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. "दोन बेडरूमचं घर आहे हो, फार सामान नाही" एवढ्यावर कोटेशन घेतलेलं असतं, मग गाडी दारात उभी राहिली की माळ्यावरचं, बाल्कनीतलं, पलंगाच्या पोटातलं बाहेर पडायला लागतं आणि भाव वाढतो. त्या दिवशी नाही म्हणायची सोय नसते कारण घरमालक किल्ली घ्यायला बसलेला असतो. त्यामुळे भाव ठरवायच्या आधी पॅकर्सचा माणूस सामान बघायला घरी बोलवा नाहीतर व्हिडिओ कॉलवर एकेक कपाट उघडून दाखवा. जिन्याचे, गाडी लांब उभी करावी लागली तर त्याचे पैसे वेगळे का, तेही लेखी घ्या.

आणि गाडी पूर्ण तुमची आहे की शेअरिंगची हे विचारा. शेअरिंग स्वस्त पडतं पण तारीख मागेपुढे होते, वाटेत गोडाऊनला सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवलं जातं, खोकी हरवतात ती बहुतेक इथेच. प्रत्येक खोक्यावर नंबर टाका, "किचन" असं लिहून भागत नाही, किचनची आठ खोकी असतात. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका, उचलताना तळ फाटतो. इन्शुरन्स घेताना एक बघा, तुम्ही स्वतः पॅक केलेल्या खोक्यातली फुटतूट बऱ्याच पॉलिसीत धरतच नाहीत, त्यामुळे काचेचं सामान पॅकर्सच्याच माणसांकडून पॅक करून घेतलेलं बरं.

आता मशीनं. सगळ्यात जास्त रडारड इथे होते. फ्रीज आदल्या दिवशीच बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा करून ठेवा. पोचल्यावर लगेच प्लग लावू नका, आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरमधलं ऑइल पाइपांत गेलेलं असतं, ते परत खाली यायला वेळ लागतो. उभा आणला असेल तरी 4 तास थांबा, आडवा लांबून आला असेल तर 24 तास.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनला मागे ट्रान्झिट बोल्ट असतात, ड्रम हलू नये म्हणून. नवीन मशीन आल्यावर ते काढतात आणि नंतर कुठे जातात देव जाणे. नसतील तर मॉडेल नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून मागवा, न लावता पाठवलं तर सस्पेन्शनची वाट लागू शकते. नवीन घरी मशीन स्पिनला उड्या मारायला लागलं तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी मागे वाकून बघा, बोल्ट तसेच राहिलेत का, ते काढलेले असतील तर पाय लेव्हलला आहेत का.

सोफ्याचं माप घेताना लोक फक्त हॉलचं घेतात, जिन्याच्या वळणाचं आणि लिफ्टच्या दाराचं कोण घेणार? मग सोफा दोन मजल्यांच्या मधे अडकतो, वरचे खाली जाऊ शकत नाहीत आणि खालचे वर येऊ शकत नाहीत. पाय काढता येत असतील तर निघायच्या आधीच काढा, स्क्रू पिशवीत घालून त्याच फर्निचरला चिकटपट्टीने लावून टाका.

घर रविवारी दुपारी बघून लांबचा करार करणं हीपण नेहमीची चूक. तेव्हा रस्ते मोकळे असतात हो. ऑफिसच्या वेळेला एकदा तो रस्ता करून बघा, आतल्या खोलीत मोबाइलला रेंज येते का बघा. शक्य असेल तर पहिले काही आठवडे तात्पुरती सोय करा आणि मग घर ठरवा, भाडं थोडं जास्त जाईल पण नको असलेल्या एरियात वर्षभर अडकणार नाही.

ओरिजिनल कागदपत्रं, दागिने, रोजची औषधं, हार्ड डिस्क ट्रकमध्ये नको, तुमच्याबरोबरच्या बॅगेत. जुना मोबाइल नंबर घाईघाईत बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येत असतात.

सामान उतरलं की ड्रायव्हर सहीसाठी घाई करतो, उशीर झालाय म्हणतो. आधी खोकी मोजा. एखादं कमी असेल किंवा कोपरा चेपलेला दिसला तर पावतीवर तसं लिहूनच सही करा आणि तिथेच फोटो काढा, "सामान सुस्थितीत मिळालं" यावर एकदा सही केली की क्लेमच्या वेळी तोच कागद पुढे करतात.