विमा संपलेल्या गाडीने अपघात झाला, तर या चुका टाळा

सोलापुरात सात रस्त्यावर वाहतूक पोलिसाने अडवलं की गाडीवाला बिनधास्त म्हणतो, "फाडा की साहेब पावती." विमा नसल्याची किंमत त्याच्या डोक्यात २,००० रुपये एवढीच असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ मध्ये पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. सोबत ३ महिन्यांपर्यंतची कैदही लिहिली आहे, पण ती कुणी मनावर घेत नाही. मात्र हा दंड नुसत्या रस्त्यावर सापडलेल्या गाडीचा आहे. त्या गाडीखाली माणूस आला तर हिशेब पोलिसाच्या मशिनवर होत नाही, तो कोर्टात होतो.

मी वकिलांच्या हाताखाली क्लेमची कागदपत्रं लावतो. विमा संपलेला गाडीमालक आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता काढली पॉलिसी तर चालंल का?" नाही चालणार. पॉलिसीवर ती कधी सुरू झाली याची तारीख आणि वेळ छापलेली असते. अपघात सकाळी ११ चा आणि पॉलिसी दुपारी २ ची असेल, तर ती पुढच्या अपघाताच्या कामाची. ओळखीचा एजंट मागची तारीख टाकून देतो म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहा. पैशाची भानगड असते, त्यात बनावट कागदाचा गुन्हा कशाला जोडून घ्यायचा?

दुसरा गैरसमज सवलतीच्या दिवसांचा. आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवस मिळतात, म्हणून गाडीलाही मिळत असतील असं लोक धरून चालतात. गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा, संपला त्या रात्रीच संपला. ९० दिवसांत नूतनीकरण केलं तर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) टिकतो, ही गोष्ट खरी. पण ती बोनसची मुदत आहे, मधल्या दिवसांतल्या अपघाताला तिचा काही उपयोग नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे वेगळाच घोटाळा होतो. "शोरूमवाल्यानं काढून दिलाय" हे वाक्य सहाव्या वर्षीही तितक्याच विश्वासाने म्हटलं जातं.

आता खरा आकडा बघू. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा ३२ वर्षांचा माणूस तुमच्या गाडीच्या धडकेत गेला. महिना १५,००० कमाई, घरात बायको, दोन पोरं आणि आई. कायम नोकरी नसली तरी ४० वर्षांखालच्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवून दिलं आहे. म्हणजे झाले २१,०००. अवलंबून असणारे चौघे, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं असतं; ३१ ते ३५ वयाला तो १६. गुणून बघा, ३०,२४,००० रुपये. अंत्यविधीचा खर्च आणि इतर रकमा यात धरलेल्या नाहीत, आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज वेगळं.

विमा चालू असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकात ३,४१६ रुपये अधिक कर असा आहे. कोर्टात बसलेला मालक हे दोन आकडे शेजारी शेजारी बघतो तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही.

"माझ्या नावावर काहीच नाही, काय वसूल करणार?" असंही काहीजण छाती ठोकून म्हणतात. निकालानंतर पैसे भरले नाहीत तर प्राधिकरण, म्हणजे मोटार अपघाताचे दावे चालवणारं कोर्ट, कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवू शकतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तहसीलची नोटीस, जप्ती, सातबाऱ्यावर बोजा. मोहोळकडे चार एकर वाट्याला आलेले असतील तर हे आधी लक्षात घ्या. अपील करता येतं, पण त्यासाठी २५,००० रुपये किंवा निकालाच्या रकमेचा निम्मा भाग, यातली कमी असेल ती रक्कम आधी भरावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईचा हेलपाटा तेवढा वाचला.

विकलेल्या गाडीची चूक मात्र मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण तिच्यात अडकणारा माणूस अपघाताच्या वेळी घरी जेवत बसलेला असतो. जुनी गाडी ओळखीत विकली, पैसे घेतले, गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या आणि "नावावर करून घे बरं का" एवढं सांगून मोकळे झाले. घेणाऱ्याने नावावर केलीच नाही, विमाही भरला नाही. पुढे वर्षभराने एमएच १३ च्या त्या गाडीने हैदराबाद रोडला कुणाला तरी उडवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नुकसानभरपाईच्या कामी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. हात बदलत गेलेल्या गाडीच्या खऱ्या मालकाला जखमी माणसाने कुठं शोधत फिरायचं, हा त्यामागचा साधा विचार. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नुसत्या सह्या देऊन थांबू नका, नाव बदललेलं आरसी बुक डोळ्यांनी बघा. तोवर विमा चालू ठेवा, चालू असेल तर तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो.

पाहुण्याला, मित्राला गाडी देणाऱ्यांचंही तेच. कलम १९६ चालवणाऱ्याला जसं लागतं तसं चालवू देणाऱ्यालाही लागतं. नुसता थर्ड पार्टी विमा असलेल्या खासगी कारमधून चौघांना तुळजापूरला नेताना एवढं ध्यानात ठेवा, त्या पॉलिसीत आत बसलेले येत नाहीत. त्याला पॅकेज पॉलिसी लागते.

अपघाताच्या पहिल्या तासातल्या चुका भीतीतून होतात. विमा नाही म्हणून पळून जाणं ही त्यातली सर्वांत वाईट. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं कलम १३४ प्रमाणे चालकावर बंधनकारक आहे. जमाव खवळला असेल आणि थांबणं शक्य नसेल तर कायदाही ते समजून घेतो, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन २४ तासांत सांगायचं. १०८ ला फोन लावा, सिव्हिलला पोचवा. गाडी मी नाही, माझा लायसनवाला भाऊ चालवत होता, असलं नाटक रचू नका. चौकातल्या कॅमेऱ्यापुढे ते टिकत नाही आणि भावालाही अडकवतं.

"आपसात मिटवू" हेही जपून. दवाखान्याचा खर्च जरूर द्या, पण पावती ठेवा. स्टँपवर "आमची काही तक्रार नाही" लिहून घेतलं की विषय संपला असं होत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि घाईत घेतलेली सही दाव्याची वाट अडवेलच, याची खात्री नाही.

गाडी पोलिसांनी लावून घेतली की लगेच सुटेल असंही धरू नका. विमा नसलेली अपघातातली गाडी पुरेशी सुरक्षा रक्कम दिल्याशिवाय सोडू नये, आणि ३ महिन्यांत ती दिली नाही तर गाडी विकून पैसे प्राधिकरणात जमा करावेत, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं आहे.

शेवटची चूक अगदी साधी. प्राधिकरणाची नोटीस येते आणि मालक ती देव्हाऱ्यामागे सारून देतो. तारखेला गेलं नाही की काम एकतर्फी चालतं, समोरच्याने सांगितलेली कमाई खोडायला कुणी नसतं. खरं तर विमा नसलेल्यालाही बोलायला जागा असते. चूक दोघांची होती का, मयत विरुद्ध बाजूने येत होता का, कमाईचा पुरावा काय, हे सगळं तपासलं जातं. पंचनामा आणि नकाशाच्या नकला लवकर काढा. लोकअदालतीत रक्कम ठरवून हप्ते बांधून घेता येतात, मात्र त्यासाठी समोरचं कुटुंब तयार हवं आणि पहिला हप्ता खिशात घेऊनच जायला हवं.